द्राक्षं हार्टला चांगली, मग डायबिटीसवाल्यांनी काय करायचं?

द्राक्षाच्या सालीत रेझव्हेरॅट्रॉल नावाचं एक रसायन असतं आणि ते हार्टसाठी एकदम जादू, असा फॉरवर्ड अधूनमधून फिरतच असतो, आणि त्याखाली कोणीतरी हमखास विचारतं की शुगर असेल तर खायची की नाही.

मुळात हे खूळ सुरू झालं १९९२ च्या आसपास. फ्रान्समधले लोक एवढं लोणी आणि चीज खातात तरी त्यांना हार्टचा त्रास कमी कसा, तर रेड वाइनमुळे असेल, असं सर्ज रनो नावाच्या संशोधकाने मांडलं. मग २००६ मध्ये भरपूर फॅटवाल्या खाण्यावर ठेवलेल्या उंदरांना रेझव्हेरॅट्रॉल दिलं तर त्यांचं इन्सुलिन नीट काम करायला लागलं आणि ते जास्त जगले, झालं, रेझव्हेरॅट्रॉलच्या कॅप्सूल विकणाऱ्यांची चांदी! पण डोस बघा ना, वजनाच्या किलोमागे रोज साधारण २२ मिलिग्रॅम, आणि लिटरभर रेड वाइनमध्ये मिळून असतं जेमतेम काही मिलिग्रॅम. त्यातही पोटात गेलेलं बरंचसं आतडं आणि लिव्हर लगेच बदलून टाकतात, रक्तात मूळ रूपात नावालाच उरतं. इटलीतल्या कियांती भागातल्या ७८३ म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत ते किती येतं हे मोजून नऊ वर्षं लक्ष ठेवलं, तर कमी-जास्त असण्याने हार्टच्या आजारात काहीच फरक नाही.

म्हणून काय द्राक्षं बेकार? अजिबात नाही. काळ्या द्राक्षाचा रंग ज्याने येतो ते अँथोसायनिन, बियांमधली प्रोअँथोसायनिडिन, ही मंडळी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला मदत करतात, त्याने नसा सैलावतात आणि बीपी थोडं खाली येऊ शकतं. थोडंच हां.

आता शुगरचं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास १ लाख ८७ हजार लोकांच्या माहितीवरून दिसलं की आठवड्यात तीनदा द्राक्षं किंवा मनुका खाणाऱ्यांना टाइप टू डायबिटीस व्हायचा धोका सुमारे १२ टक्के कमी, आणि फळांचा ज्यूस पिणाऱ्यांना उलट जास्त. द्राक्षांमुळेच कमी झाला असं यातून सिद्ध होत नाही, पण ज्यूसपेक्षा अख्खं फळ बरं, एवढं मला तरी पटतं. ज्याला आधीच डायबिटीस आहे त्याने मात्र १०० ग्रॅममध्ये १६ ग्रॅमच्या आसपास साखर धरून चालायचं, म्हणजे मूठभर, तेही जेवणातला दुसरा गोडवा कापून.

कॅप्सूलवर मी तरी पैसे घालणार नाही. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीच घेऊ नका, ब्लीडिंग वाढू शकतं.