आमची वाटचाल : जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर

खोपोलीत बोरघाटाच्या पायथ्याशी आमच्या वडिलांनी चहाची टपरी टाकली, तेव्हा मुंबईहून पुण्याकडे जाणारी बहुतेक वाहतूक याच रस्त्याने होत असे आणि घाट चढण्यापूर्वी ट्रकचालक हमखास थांबत. टपरीशेजारी पाण्याचे पिंप भरून ठेवलेले असे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण ओल्या फडक्याने धरून हळूहळू सैल करायचे, आतली वाफ निघून जाऊ द्यायची आणि मगच पाणी ओतायचे, हे आम्ही भावंडे शाळकरी वयातच शिकलो. पाण्याचे पैसे वडिलांनी कधी घेतले नाहीत. घर चहा-वड्यांवर चालले.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि आमचे गिऱ्हाईक तिकडे वळले. दुचाकींना मात्र त्या मार्गावर बंदी असल्यामुळे पावसाळ्यात घाट पाहायला निघालेली तरुण मंडळी आमच्या दारावरूनच जात राहिली. वर पाहण्यासारखे काय काय आहे, हे त्यांना सांगता सांगताच सहलींचा व्यवसाय सुचला आणि आम्ही एक जुनी जीप घेतली.

जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० साली, या घाटातून गाडीरस्ता झाला. पहिला थांबा आम्ही शिंग्रोबाच्या देवळापाशी घेतो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवून त्यापायी जीव गमावलेल्या धनगराचे हे स्थान, असे सांगतात. चालक आजही गाडी न थांबवता खिडकीतून नाणे टाकतात. पाहुण्यांना आम्ही उतरून ते वाहायला लावतो. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीच्या काळात, पाडलेल्या अमृतांजन पुलाची चौकशी जुनी माणसे अजून करतात. राजमाची पॉइंटवरून दरी आणि नागफणी दाखवली, की गाडी लोणावळ्यामार्गे मळवलीकडे निघते.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी पाहण्यासारख्याच आहेत, पण एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असली तर आम्ही भाजे लेणी सुचवतो, कारण तिथे निवांत बसून पाहता येते. भुशी धरणाची मागणी सर्वांत जास्त असूनही पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आम्ही तिकडे गाडी नेत नाही. अर्धा दिवस वाहतूक कोंडीत बसवून पाहुण्यांकडून पूर्ण भाडे घेणे आम्हाला पटत नाही, आणि ही अट आरक्षणाच्या वेळीच सांगितली जाते.