बोया बदलला, हे जहाजाला कळते कसे?

समुद्रातला बोया, म्हणजे वाट किंवा धोका दाखवणारी तरंगती खूण, हलवणे किंवा त्याचा दिवा बदलणे हे काम बंदराची माणसे एका दिवसात उरकू शकतात. परंतु त्या पाण्यातून जाणाऱ्या प्रत्येक नाविकापर्यंत तो बदल पोहोचत नाही तोवर ते काम अर्धेच राहते, असे माझे ठाम मत आहे.

11 जानेवारी 1971 रोजी डोव्हरच्या सामुद्रधुनीत ‘टेक्साको कॅरिबियन’ हे तेलवाहू जहाज दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाले आणि दुसऱ्याच दिवशी ‘ब्रांडेनबुर्ग’ हे जर्मन जहाज त्याच्या सांगाड्यावर आदळून बुडाले. पुढे तिथे दीपनौका उभी केली, बोये लावले, तरीही 27 फेब्रुवारीला ‘निकी’ हे ग्रीक जहाज त्याच जागी बुडाले आणि त्यावरचा एकही खलाशी वाचला नाही. त्या काळी जगात बोयांचे रंग आणि दिवे ठरवणाऱ्या तीसहून अधिक खूणपद्धती चालत होत्या. त्या एकत्र आणण्याच्या प्रयत्नांना या दुर्घटनेमुळे जोर आला आणि 1980 मध्ये सगळे जग दोन विभागांत बसवले गेले. आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे ठेवायचा असतो, तर अमेरिकेत आणि जपानमध्ये उजवीकडे.

तरीही डिसेंबर 2002 मध्ये इंग्लिश खाडीतच मोटारी वाहून नेणारे ‘ट्रायकलर’ बुडाल्यावर, दोनच दिवसांत ‘निकोला’ आणि 1 जानेवारी 2003 रोजी ‘विकी’ ही जहाजे त्याच्या सांगाड्यावर चढली. अशा ताज्या धोक्यासाठी 2006 मध्ये उभ्या निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा आणि आळीपाळीने निळा व पिवळा प्रकाश देणारा बोया आला. नकाशात नोंद होऊन धोक्याची माहिती सर्वत्र पसरेपर्यंत तो तिथे राहतो, आणि बदल कळायला वेळ लागतो हे त्यात आधीच गृहीत धरलेले आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

ही नोंद म्हणजे कष्टाचे काम आहे. भारतीय पाण्यासाठी नौदलाचे डेहराडून येथील जलसर्वेक्षण कार्यालय दर पंधरवड्याला नाविकांसाठी सूचना काढते. कागदी नकाशावर कायमचा बदल जांभळ्या शाईने आणि तात्पुरता पेन्सिलीने करून सूचनेचा क्रमांक नोंदवण्याची रीत आहे. तातडीचे इशारे नॅव्हटेक्स या जहाजांना लेखी मजकूर पोहोचवणाऱ्या रेडिओ सेवेवर 518 किलोहर्ट्झला येतात.

आता एआयएसमुळे, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेमुळे, पाण्यात काहीही न टाकता पडद्यावर आभासी बोया काही मिनिटांत उमटवता येतो. मोठ्या जहाजांसाठी हे वरदानच आहे. पण कोकणातल्या ज्या होडीवर असा पडदाच नाही, तिच्या तांडेलाला तो बोया दिसणार कसा? म्हणून मच्छीमार वावरतात त्या पाण्यात आभासी खूण खऱ्या बोयाला पूरक असावी, त्याच्या जागी ती कधीही येऊ नये, आणि बोया हलवण्याआधी त्याची मराठीतली सूचना मच्छीमार सोसायट्यांमध्ये लावली जावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.