चार फुटांखालची भिंत

तीन वर्षांचं पोर साधारण तीन फुटांचं असतं. हात वर केला की आणखी पाऊण-एक फूट. म्हणजे खोलीची भिंत दहा फूट उंच असली तरी खालचे चार फूट त्याचे, वरचे सहा पाहुण्यांचे. सोफा भिंतीला चिकटून असेल तर तेवढ्या जागी ही हद्द सव्वापाच फुटांवर सरकते. रंगाच्या दुकानात मात्र सगळी चर्चा वरच्या सहा फुटांची होते. कोणता शेड, कोणत्या पडद्याला जुळेल, लाइटखाली कसा दिसेल. खालचे चार फूट शुद्धलेखनाच्या वहीसारखे रोज भरणार आहेत, हे तिथे कुणी काढत नाही.

जुन्या घरांना ते बरोबर कळलेलं होतं. वर चुना आणि खाली कमरेएवढा गेरूचा पट्टा. चुना धुता येत नाही, तो दरसाल नव्याने मारायचा, हीच त्याची धुलाई. पुढे शाळा-दवाखान्यांनी तोच पट्टा ऑइलपेंटचा केला. आता फ्लॅटमध्ये एकच रंग छतापासून फरशीपर्यंत उतरतो आणि मग डब्यावरच्या ‘वॉशेबल’ या एका शब्दावर सगळा भरवसा.

हा शब्द समजायला रव्याचा लाडू पुरे. पाक कमी पडला की लाडू हातात घेताच भुगा होतो. रंगाचंही तसंच असतं. त्यात भुकटी असते आणि तिला धरून ठेवणारा बाइंडर असतो. साध्या डिस्टेंपरात बाइंडर कमी, म्हणून भिंतीला टेकलं की शर्ट पांढरा होतो. अ‍ॅक्रिलिक इमल्शनमध्ये तो पुरेसा असतो, आणि सॅटिनसारख्या थोड्या चमकदार प्रकारात भुकटी कमी व बाइंडर जास्त, त्यामुळे पृष्ठभाग बंद राहतो आणि डाग वरच थांबतो. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगाला बारीक छिद्रं असतात, डाग त्यांत शिरतो. शिवाय मॅट भिंत घासली की डाग जातो पण तिथे चकाकणारा चट्टा उरतो, आणि संध्याकाळी ट्यूबलाइट लागली की तोच आधी दिसतो.

धुण्याची परीक्षा मोजताही येते. आयएसओ ११९९८ या पद्धतीत सुकलेला रंग ओल्या घासणीने २०० वेळा घासतात. झीज ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी असेल तर युरोपीय प्रतवारीत पहिला वर्ग, ५ ते २० असेल तर दुसरा. रंगाचे दोन हात सुकल्यावर वहीच्या पानाच्या आसपास जाडी उरते, हे लक्षात घेतलं की वीस मायक्रॉन म्हणजे किती ते कळतं. डब्यावर वर्ग छापलेला नसेल तर दुकानदाराकडे उत्पादनाचं माहितीपत्रक मागावं. गडद शेडचं एक वेगळंच आहे. मशीनवर त्यात रंगद्रव्य जास्त ओतलं जातं, म्हणून गडद निळी किंवा मरून भिंत पुसली की फडक्यालाही रंग लागतो. खालच्या चार फुटांना जुन्या घरांसारखा वेगळा पट्टा मारायचा तर त्याला मध्यम छटाच बरी. फार पांढरी सगळं दाखवते, फार गडद ओरखडे दाखवते.

पण रंग कितीही चांगला असला तरी तो ज्याच्यावर बसलाय तेच सुटलं तर काय धुणार? जुन्या भिंतीवर हात फिरवा. पांढरी पूड लागली तर ते डिस्टेंपर पूर्ण खरवडायला हवं. त्यावर मारलेलं महागडं इमल्शन पहिल्याच ओल्या फडक्याला पापुद्र्यासारखं निघतं. सेलोटेप दाबून चिकटवावी आणि झटक्यात ओढावी, टेपवर पोपडे आले तर पेंटरला पत्रा हातात घ्यायला लावावा. मग व्हाइट सिमेंटच्या पुट्टीचे दोन पातळ हात, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या आत. जाड पुट्टीला खुर्चीची पाठ लागली की खपली पडते, आणि त्या खड्ड्यातून धुण्याचं पाणी आत शिरतं. सॅटिनला तर पुट्टी आणखी सपाट लागते, कारण चमक प्रत्येक उंचवट्याची चहाडी करते. घासकागद मारून धूळ पुसायची, प्रायमरचा एक हात द्यायचा, मग रंगाचे दोन हात, मध्ये चार ते सहा तास. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घालायचं. रंग पुरवायला जास्त पाणी मारणं म्हणजे लाडवाचा पाक पातळ करणं, आणि ते लगेच कळत नाही, सहा महिन्यांनी कळतं.

कोल्हापुरात खरी अडचण कॅलेंडरची. जून ते सप्टेंबर भिंती पाणी पितात आणि दिवाळीला रंग हवा, म्हणून ऑक्टोबरात सगळं गाव एकदम पेंटर शोधायला निघतं. पेंटर हा शब्द इथे आदराने घ्यायचा, चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव मेस्त्री याच गावात बाबूराव पेंटर झाले. पण पेंटर कितीही हुशार असला तरी ओली भिंत त्याला ऐकत नाही. एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवून दिवसभर ठेवावा. आतून थेंब दिसले तर रंग पुढे ढकलावा. आणि ओल बाथरूमच्या भिंतीतून किंवा गच्चीच्या कठड्यातून येत असेल तर ती तिथेच बंद करावी. आतून मारलेला बंद पृष्ठभागाचा रंग पाण्याला अडवत नाही, फुग्यासारखा वर येतो. खरं तर डिसेंबर ते मे हा रंगाचा काळ, पण हे दिवाळीच्या तोंडावर सांगणाऱ्याला घरात कुणी चहा विचारत नाही.

पट्ट्याचा हिशेब सोपा आहे. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट, चार फूट उंचीने १७६ चौरस फूट, दाराचे बारा गेले की १६४. चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला १२० ते १५० चौरस फूट जातं. म्हणजे एक लिटर पुरत नाही, दोन घ्यावे लागतात. दोन्ही डबे एका बादलीत मिसळून मगच सुरुवात करावी, बॅच वेगळी असली की कोपऱ्यात फरक दिसतो.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तयार झाला असं नाही. आतले कण एकमेकांत मुरायला दोन ते चार आठवडे लागतात, दमट हवेत जास्तच. या काळात भिंत धुवायची नाही. नेमक्या याच काळात नव्या भिंतीचं उद्‌घाटन होतं, तेव्हा फक्त ओलसर मऊ फडक्याने टिपावं.

पुढे धुताना बादलीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, पिळलेला स्पंज, आणि खालून वर. वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भिंतीवर रेघा सोडतात. हिरवी घासणी लांब ठेवावी. पांढरा ‘जादूचा’ स्पंजसुद्धा मुळात बारीक घासकागदच असतो. पेन्सिलला खोडरबर. खडू मेणाचा, त्याला हेअरड्रायरने जरा ऊब देऊन कोरड्या कापडात उचलावा, मग साबण. बॉलपेनची शाई सॅनिटायझरने सुटते, पण तो रंगही मऊ करतो, म्हणून आधी सोफ्यामागे करून बघावं. पर्मनंट मार्कर निघत नाही. त्यावर डाग अडवणारा प्रायमर लावल्याशिवाय नवा हात दिला तर तो आठवड्यात पुन्हा वर डोकावतो.

तांबड्या रश्शाची तर्री उडाली तर घासू नये. आधी टिश्यूने टिपावी, पीठ दाबून तेल शोषून घ्यावं, मग लिक्विड. हळदीची गंमत वेगळीच. कपड्याच्या साबणाची वडी लावली की पिवळा डाग लालभडक होतो, आणि माणूस घाबरून जोर लावतो. तो साबणातल्या अल्कलीचा गुण. साध्या पाण्याने पुसलं की लाली उतरते, आणि उरलेला पिवळेपणा खिडकीजवळ असेल तर उजेडाने हळूहळू फिकट होतो.

पेठेतल्या जुन्या घरात एक गोष्ट मात्र रंगाच्या आधीची. दारं-खिडक्यांवर जुन्या ऑइलपेंटचे थर असतात. भारतात घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक. असा रंग कोरडा घासू नये. पाणी मारून, ओल्या घासकागदाने काढावा, धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने उचलावी. तेवढे दिवस मूल मामाच्या गावाला.

दोन लिटरमधला उरलेला रंग काचेच्या छोट्या बरणीत गच्च बंद करून ठेवावा, डब्याच्या तळाशी ठेवला तर हवेने आटतो. बरणीवर शेड नंबर, बॅच, खोली आणि तारीख लिहावी. नाहीतर दोन दिवाळ्यांनी माळ्यावर पाच बरण्या सापडतात, पाचही झाकणांवर ‘आयव्हरी’ लिहिलेलं असतं, आणि भिंतीला त्यातली एकही जुळत नाही.