'अ‍ॅक्सेप्टेड' म्हणजे पक्कं नव्हे

ओपन सोर्स कॉन्फरन्समध्ये पहिल्यांदा बोलले त्याला दोन महिने झाले, तरी 'कन्फर्म'च्या त्या बटणाचा राग काही जात नाही.

प्रपोजल पाठवण्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. आधी विषय 'गिटची ओळख' असा होता (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन). एका मैत्रिणीने विचारलं, "२५ मिनिटांत यातलं नेमकं काय सांगणार?" मग फक्त 'गिट बायसेक्ट' घेतलं, म्हणजे बग नेमका कोणत्या बदलात आला ते शोधणारी गिटची कमांड. विषय जितका लहान, तितकं प्रपोजल लिहिणं सोपं, हे माझं ठाम मत झालंय.

सहा आठवड्यांनी मेल आला: तुमचं प्रपोजल अ‍ॅक्सेप्ट झालंय. मी घरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, स्लाइड्सना लागले. पुढे शेड्यूल जाहीर झालं आणि त्यात माझं नावच नाही. दोन्ही दिवस, सगळ्या खोल्या, तीनतीनदा पाहिलं. आयोजकांना मेल केला. दोन दिवस उत्तर नाही. त्या दोन दिवसांत एकही स्लाइड हातून झाली नाही. तिसऱ्या दिवशी एका व्हॉलंटियरने कळवलं, "तुम्ही कन्फर्म केलं नव्हतं, म्हणून जागा वेटिंग लिस्टमधल्या स्पीकरला दिली."

तो मेल पुन्हा उघडला. प्रवासखर्च, आचारसंहिता, टी-शर्टचा साइज, आणि या सगळ्याच्या खाली एक ओळ: दहा दिवसांत लिंकवर जाऊन कन्फर्म करा. कॉन्फरन्सची प्रपोजल्स आणि शेड्यूल सांभाळणाऱ्या प्रीटॅल्क्ससारख्या सिस्टिममध्ये 'अ‍ॅक्सेप्टेड' आणि 'कन्फर्म्ड' या दोन वेगळ्या पायऱ्या असतात आणि कन्फर्म झालेलीच सत्रं शेड्यूलमध्ये दिसतात. ते योग्यच आहे. निवड झालेल्या प्रत्येकाला येणं जमतंच असं नाही. पण नवख्या माणसाला हे कोण सांगणार? ती ओळ मेलच्या सुरुवातीलाच हवी. मी आयोजकांना तसं लिहूनही पाठवलं.

शेवटी कुणाचं तरी येणं रद्द झालं आणि दुसऱ्या दिवशीचं शेवटचं सत्र मला मिळालं. तो मेल वाचला आणि पहिल्या मिनिटाला कन्फर्म केलं.

प्रत्यक्ष बोलणं त्या मानाने सोपं गेलं. १,००० कमिट्समध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलांमध्ये, लपलेला बग सुमारे १० चाचण्यांत सापडतो, कारण दर वेळी निम्मे कमिट्स बाद होतात. हे टर्मिनलवर चालताना दिसलं तेव्हा मागच्या रांगेतले लोकही पुढे झुकले. टर्मिनलचा फॉन्ट आपल्याला अवाढव्य वाटेल इतका मोठा ठेवा. डेमोचं रेकॉर्डिंगही जवळ असू द्या.

एकाने विचारलं, मधलाच एखादा कमिट बिल्ड होत नसेल तर? 'गिट बायसेक्ट स्किप' देऊन तो कमिट वगळायचा, आणि 'गिट बायसेक्ट रन'ला आपोआप तपासणारी स्क्रिप्ट दिली असेल तर तिने १२५ हा एक्झिट कोड द्यायचा. हे उत्तर मला तोंडपाठ होतं, याचा फार आनंद झाला. फक्त प्रश्न माइकवर पुन्हा म्हणायला विसरले, त्यामुळे व्हिडिओत माझं नुसतं उत्तरच ऐकू येतं. तुम्ही प्रश्न आधी स्वतः म्हणा, मग उत्तर द्या.