बिनफिल्टरचा सायक्लोन: शंकू जमला, आता सगळं लक्ष खालच्या डब्यावर

व्हॅक्यूमचा फिल्टर काढून ठेवलाय आणि कार्यशाळेतला सगळा भुसा आता सायक्लोनमधूनच जातोय, म्हणजे हवा गोल फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या शंकूतून: धूळ भिंतीलगत खालच्या डब्यात उतरते, हवा वरच्या पाइपातून बाहेर जाते. मापं सायक्लोनवर काम केलेल्या स्टेअरमंड या अभियंत्याच्या 1951च्या प्रमाणातलीच ठेवली: व्यास 150 मिमी, आत येणारी फट 75 बाय 30, वरचा पाइप 75चा, एकूण उंची 600, शंकूचं खालचं तोंड 56. सेकंदाला साधारण 34 लिटर हवा ओढली की फटीत सेकंदाला 15 मीटरचा वेग मिळतो आणि भिंतीलगत फिरणाऱ्या कणाला गुरुत्वाकर्षणाच्या तीनशे पट जोराने बाहेर ढकललं जातं.

रंध्याचा भुसा कसलाही सायक्लोन पकडतो. खरी परीक्षा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) घासल्यावर उडणाऱ्या पिठासारख्या धुळीची. शंकू पारदर्शक शीटचा केल्यामुळे आतलं सगळं दिसतं: धुळीचा जाड पट्टा भिंतीला चिकटून गोल फिरत खाली उतरतो, मधला भाग मात्र स्वच्छ. मग मी मुद्दाम डब्याच्या झाकणाचा क्लॅम्प किंचित सैल केला. क्षणात मधोमध करड्या रंगाची बारीक दोरी उभी राहिली आणि सरळ वरच्या पाइपात शिरली! भोवऱ्याच्या गाभ्यात दाब सर्वांत कमी असतो, अगदी खालच्या टोकापर्यंत. तिथे बाहेरची हवा शिरली की पडलेली धूळ उचलूनच वर जाते. म्हणून माझं ठाम मत: शंकूच्या कोनावर वाद घालण्याआधी डबा हवाबंद करा. रंगाचा प्लास्टिक डबा ओढीने आत चेपतो. जाड पत्र्याचा, रिंग-क्लॅम्पवाला ड्रम आणि सलग रबरी गॅस्केट हवं. डबा पाऊण भरला की रिकामा करा, नाहीतर भोवरा ढिगालाच उकरतो.

फिल्टर काढायचा तर मोटर बायपास प्रकारची, म्हणजे थंड व्हायला वेगळी हवा घेणारी हवी. आणि बाहेर फेकलेली हवा खिडकीबाहेर. सर्वांत बारीक कण एकट्या सायक्लोनला सापडत नाहीत, आणि ते फुप्फुसात जाणारेच असतात.

डायसन कंपनीच्या 1993च्या डीसी01 या व्हॅक्यूममध्ये दोन सायक्लोन असूनही फिल्टर होतेच. त्यांच्याच 2014च्या सिनेटिक मॉडेलमध्ये छोट्या शंकूंची टोकं लवचिक केली; ती थरथरत राहतात, म्हणून बारीक धूळ तिथे तुंबत नाही. व्यास 50 मिमीवर आणला तर त्याच वेगाला जोर नऊशे पटींवर जातो. आता मोठ्या सायक्लोनच्या पुढे असे छोटे शंकू समांतर जोडतोय, टोकांना सिलिकॉनची नळी लावून. सगळ्यांना सारखी हवा कशी वाटायची, यावर कुणी काम केलं असेल तर मापांसकट सांगा.