नाक धरणारा

आमच्या परतवाड्याकडं पौषातलं वारं सातपुड्यावरून खाली उतरतं. शेकोटीपाशी बसलेला माणूस त्याच्याकडं पाठ करून बसतो आणि संत्र्याच्या बागेतला राखणदार घोंगडी डोक्यावरून ओढून घेतो. अशा वाऱ्यावर तोंड करून धावत सुटणारी माणसं माझ्या ओळखीत दोनच, आणि दोघंही माझे मित्र. त्यांच्याकडं एक जुनं हँग ग्लायडर आहे, म्हणजे खाली माणूस लोंबकळून उडतो असा बिनइंजिनाचा कापडी पंख. मी उडत नाही. मी नाक धरतो.

नाक ग्लायडरचं. पंख जोडून उभा केला की वारा तो उलथवू पाहतो, म्हणून एकानं पुढं उभं राहून नाकाच्या दोन तारा धरायच्या. हे काम दिसतं तेवढं फालतू नाही. पंचवीस-तीस किलोचा सांगाडा आणि कापड वाऱ्यात किती ओढ घेतं, हे तारा धरणाऱ्याच्या बोटांना विचारावं. त्याआधी कापडाच्या खिशांत ॲल्युमिनियमच्या वाकड्या पट्ट्या एकेक करून सरकवाव्या लागतात. सकाळच्या थंडीत त्या इतक्या गार असतात की प्रत्येक पट्टीनंतर हात काखेत घालून पुन्हा माणसात यावं लागतं.

"चिखलदऱ्याचा एवढा मोठा कडा सोडून या बरड टेकडीवर काऊन येता?" असं लोक हमखास विचारतात. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंच, कडाही सरळसोट, सगळं खरं. पण गाविलगडच्या डोंगराचा तो कडा दक्षिणेकडं, वऱ्हाडच्या मैदानाकडं तोंड करून आहे. हिवाळ्यातलं वारं उत्तर-ईशान्येचं, म्हणजे कड्याच्या पाठीमागून येणार. डोंगराला समोरून भिडलेला वारा वर चढतो आणि पंखाला उचलतो. तोच डोंगर ओलांडून पलीकडं सांडला की गरगरत खाली लोळतो. त्या लोळणाऱ्या वाऱ्यात सापडणं म्हणजे हाडं मोडून घेणं. शिवाय कड्यावरून उडायला जी तयारी लागते, ती आमच्यातल्या कुणाची नाही. त्यामुळं उत्तरेकडं उतरणारी गावामागची टेकडीच आम्हाला बरी.

ही टेकडीची अडचण बर्लिनच्या ओटो लिलिएंथाल या जुन्या ग्लायडरवाल्यानं मुळातूनच सोडवली होती. १८९४ साली त्यानं पंधरा मीटर उंचीची गोल टेकडी चक्क रचून घेतली. वारं कुठूनही येवो, त्याच्याकडं तोंड करून पळता आलं पाहिजे! दोन वर्षांनी उडतानाच पडून तो गेला. आजच्या ग्लायडरचा लवचिक पंख फ्रान्सिस रोगालो या अमेरिकन इंजिनिअरचा, १९४८ चा. त्याचा पहिला नमुना त्याच्या बायकोनं स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या कापडातून शिवला होता. अशा बायका मिळायलाही नशीब लागतं. आमच्या मित्राच्या घरी या छंदासाठी जुनी चादरसुद्धा सुटत नाही.

पंख जोडून झाला की वाट बघायची. खरा दिवस यातच जातो. ताशी पंधरा-वीस किलोमीटरचं एकसारखं वारं चांगलं, पण झोत आले की बसून राहायचं. थंड हवा जड असते, तेवढ्याच वेगात ती जरा जास्त उचलते, त्यामुळं मोह होतोच. मित्रांनी बांबूला लाल फीत बांधली होती. शेजारच्या वावरात तुरीची रास करणारे आबाजी फितीकडं बघेचनात. त्यांनी मूठभर कुटार हवेत सोडलं, ते कुठं पडतं ते बघितलं आणि म्हणाले, "आता उडू नोका. वारं बहकलं हाये. घंटाभर थांबा." उपणणीसाठी जन्मभर वाऱ्याची वाट बघितलेला माणूस. घंटाभरानं फीत खरंच सरळ झाली.

मग मित्र पट्ट्याला लोंबकळून आडवा झाला, आम्ही पट्टा पंखाला अडकवणारी कडी ओढून बघितली. ही तपासणी सोडायची नाही. स्वतःला अडकवायचं विसरून धावत सुटलेली माणसं जगात होऊन गेली आहेत. मी तारा धरून समोर. पंख वाऱ्यात नीट बसला की फडफड थांबते आणि तारांवरची ओढ एकाएकी जाते. "मोकळं!" असं ओरडून मी बाजूला लोळण घेतली. तो चार-पाच पावलं धावला. पाय जमिनीवरून सुटले तरी सायकल मारल्यासारखे हलतच होते. बोरीच्या झुडपांवरून तो हरभऱ्याच्या धुऱ्यापाशी जाऊन उतरला. दहा-बारा सेकंद असतील.

ग्लायडर खांद्यावर घेऊन वर यायला मात्र चांगलाच वेळ लागला. आबाजींनी घाम गाळत चढणाऱ्या आमच्या वरातीकडं बघितलं.

"झालं उडून?"

"हो आबाजी."

"एवढं तं आमी रोज काळीपिवळीत उडतो, राजेहो. अन् थे तं परत घरी बी आणून सोडते."