भोसरीत बांधलेल्या होड्या

भोसरीच्या एमआयडीसीत होड्या बनतात म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'पुण्यात कुठला समुद्र?' समुद्र नाही, पण खडकवासला आहे, पानशेत आहे, नदीवर सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे, दापोडीला सीएमई या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात लष्कराचं रोइंग (वल्हवण्याच्या शर्यतींचं) केंद्र आहे. चांदवडकडचा रोइंगपटू दत्तू भोकनळ तिथेच घडला आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकला गेला. जिथे रोज होड्या पाण्यात उतरतात, तिथे त्या बांधणारा आणि दुरुस्त करणाराही लागतो.

आमची सुरुवात दुरुस्तीतूनच झाली. वडील फायबरच्या टाक्या करायचे. एका क्लबची तडा गेलेली होडी त्यांच्याकडे आली, ती नीट झाली, मग कामं येत गेली. नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतःचा पहिला साचा केला. आधी लाकूड आणि पुट्टीचा प्लग, म्हणजे होडीच्या आकाराचा नमुना, त्यावरून साचा, साच्यात जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, मग मॅट आणि रोव्हिंग हे काचतंतूंचे कापड आणि रेझिन यांचे थर, प्रत्येक थरातली हवा रोलरने काढत. मॅट दमट असली तर रेझिन नीट धरत नाही. म्हणून ऐन पावसाळ्यात मोठं लॅमिनेशन, म्हणजे थर चढवण्याचं काम, आम्ही घेतच नाही. ते महिने घासकाम आणि फिटिंगचे.

छोट्या यार्डाची ताकद आम्हाला गोव्याने दाखवली. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात नौदलासाठी 56 फुटी शिडाची 'म्हादेई' बांधली गेली. 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी तिच्यातूनच ती कुठेही न थांबता केली. पुढे तिथेच बांधलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. म्हादेईच्या बातमीचं कात्रण वडिलांनी शेडमध्ये लावलं आणि कारागिरांना स्वतः वाचून दाखवलं. आम्ही काही समुद्री नौका बांधत नाही, पण त्या दिवसांपासून आमच्या माणसांचा कामाकडे बघण्याचा डोळा बदलला, हे मी पाहिलंय.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढताना बोट उलटली. 1961 च्या पानशेतच्या पुराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आमच्या घरात ती बातमी फार लागली. फायबर पाण्याच्या साधारण दीडपट जड असतं. लाकडी होडी भरली तरी तरंगते, फायबरची मात्र आत बंद कप्पे किंवा फोम नसेल तर तळाला जाते. एक घनमीटर फोम पाण्यात सुमारे 950 किलो भार तोलतो. पण फोम बाहेरून दिसत नाही, म्हणून दर पाडायचा झाला की आधी तोच कमी होतो. त्या वर्षीपासून आम्ही नियम केला: बचावकार्याची प्रत्येक होडी पाण्याने काठोकाठ भरायची, आत वाळूची पोती ठेवायची, तरीही ती तरंगली पाहिजे. खरेदीदाराला हे समोर उभं करून दाखवतो. काही ऑर्डरी दरामुळे हातच्या गेल्या. त्याचं वाईट वाटतं, पण फोम काढून दिलेली होडी आमच्या दारातून जाणार नाही.

सध्या उथळ पाण्यात, शेतातून आणि गल्लीतून नेता येईल अशा सपाट तळाच्या होडीवर काम चालू आहे. प्लग तयार आहे, साच्याला दिवाळीनंतर हात घालू.